वाक्यात उपयोग

पणजीत, अठरा जून रस्त्यावर, चपलांच्या दुकानाच्या माडीवर
संध्याकाळचा वर्ग. हॉटेलात नोकरी हवी त्यांच्यासाठी.
टीचर ऑडिलियाने फळ्यावर सहा अक्षरं काढली
आणि मी, सत्तरीतल्या केरीची, वर्गात सगळ्यांत थोरली,
मोठ्यानं वाचलं : गावचे.

पोरं हसली. मग तीही, उशिरा, रुमालात.
अगो बाय, तो शब्द गोश.
विशेषण. चारचौघांत हातपाय कुठं ठेवावेत
हे ज्याला कळत नाही, तो.
म्हणजे मी फारसं चुकले नव्हते.

मूळ फ्रेंच, ती म्हणाली. अर्थ : डावा.
पेन माझ्या डाव्या हातात होतं.
ते वहीखाली गेलं,
सातेरीच्या देवळात तीर्थाला पुढं केलेला हात
भटजींच्या नुसत्या बघण्यानं मागं यायचा, तसं.

कदंबात साखळी येईपर्यंत तेच डोक्यात.
आपल्याकडंही वेगळं काय?
नको त्याला डावलतात.
लग्न लागलं की मुलगी उजवली.
मी तेहेतिसाव्या वर्षीही तशीच,
आणि नारळ खवते डाव्या हातानं,
आई तोंड फिरवते, कातळी मात्र लख्ख निघते.

गृहपाठ : वाक्यात उपयोग करा.
'शेवंता गोश आहे.' खोडलं.
'आमची विळी गोश आहे.'
टीचरनं शेजारी लाल प्रश्नचिन्ह काढलं.

नोकरी लागली. मळ्यात, अकरा खोल्यांचं गेस्ट हाऊस.
तिसऱ्या दिवशी एक म्हातारा, उन्हानं भाजलेला,
किल्ली घेऊन जिन्यापाशी थांबला, वळला,
माझ्याकडं बघून म्हणाला : गोश?

कान तापले.
यालाही कळलं? तीन दिवसांत?
गुंडी चाचपली. केस मागं सारले.
तो पुन्हा, आता वर मान करून, जिन्याच्या टोकाकडं : गोश?

खोली सात. वर जाऊन डावीकडं.

जो हात आधी उठतो तोच उठला.
गोश, म्हटलं मी. गोश, गोश.
एकदा पुरलं असतं.

संध्याकाळी तो रजिस्टरवर सही करायला आला.
पेनाची दोरी टेबलाच्या उजव्या खिळ्याला,
त्याच्या हातापर्यंत येईना.
माझ्याही येत नव्हती, तीन दिवस,
मी वाकून लिहीत होते.

दोरी सोडली.
गाठ ओली होती, दातांनी सोडवावी लागली,
आणि तो तसाच उभा, हात पुढं करून.