आठचा टॅप, चारचा टॅप

मास्तमर्डी सरांचे स्पीकर टेम्पोतून उतरवायला
चौघं लागलो. एकेक बेचाळीस किलोचा,
वर अक्रोडाची साल, आत कोण जाणे काय.
मागच्या पट्टीवर छापलेलं: आठ ओहम.
मी मीटर लावला, सूर खाली खाली नेला.
नव्वदला काटा तीनवर येऊन बसला.
खोटं नाही, सर, म्हटलं,
स्थळाच्या चिठ्ठीत वय लिहितात तसंय.

उद्यमबागेत बत्तीस वर्षं
सरांनी कास्टिंगवर हातोडी मारली.
खण्ण वाजलं की पुढे,
थप्प वाजलं की परत भट्टीत.
आता चिमण्या ऐकू येत नाहीत त्यांना,
कुकरच्या शिट्ट्या सून मोजते.
तरी अ‍ॅम्प हवा होता व्हॉल्व्हचाच.
आमच्या दुकानात का विचारत नाहीत,
किती विचारतात.

आधी ट्रान्झिस्टरचा लावून बघितला,
दोनशे वॉटचा, हुबळीच्या गिऱ्हाइकाचा, दुरुस्तीला आलेला.
त्यानं पखवाज असा धरला
जसा हवालदार पाकीटमाराचं मनगट.
थाप पडली, संपली.
भेग नाही कुठं, सर म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं:
पण धातू पण नाही की.

मग माझा.
ट्रान्सफॉर्मर अप्पांच्या यंत्रावर गुंडाळलेला.
त्याचं मोजणीचं चाक शंभरात एक वेढा खातं,
तो मी तोंडानं भरून देते.
वेढे, कागद, पुन्हा वेढे;
आतल्या दोन तारा एकमेकींना शिवत नाहीत
आणि सगळं कळवतात.
चार बाटल्या नारिंगी झाल्या.
शेजारची कस्तुरी डोकावून म्हणाली,
ह्याच्यावर चहा होतोय काय गं?

भिंत दोन हात मागं सरकली.
सारंगीवाल्याचं नख दिसलं मला, खरंच.
पण पखवाज ओल्या पोत्यावर.
थाप बसायची आणि उठायलाच तयार नाही,
पंगतीत जेवलेल्या मामासारखी.
सरांचे डोळे मिटलेले.
थप्प, म्हणाले.

खरंच होतं. आठच्या टॅपवर तीनचं तोंड.
आणि वर संध्याकाळचे सात,
मागच्या दोन फाउंड्र्यांच्या भट्ट्या लागल्या की
आमची लाइन एकशे ब्याण्णववर येते.
अशात बाटल्यांनी काय गावं!
सरांनी डबा सोडला. भाकरी, शेंगाचटणी,
अर्धी मला.
पावसाचं, बदलीचं, भाचीच्या कोर्टकेसचं बोलणं झालं.
अकराला शिफ्ट सुटली,
ट्यूबलाइट एकदम पांढरी झाली.

सोल्डर तापवलं.
तार आठवरून काढली, चारवर डकवली.
काम एवढंच.
वॉट कमी झाले, ते सांगितलं.
पखवाज उठून उभा राहिला,
आणि भिंत होती तिथंच राहिली, दोन हात मागं.

मला वाटलं झालं, आता पैशाचं बोलू.
सरांनी मोबाइल पुढं केला.
रिटायर झालो त्या दिवशीचं, म्हणाले, लाव.
गाणं नव्हतं. हातोडी.
पंपाच्या बॉड्या, ओळीनं.
खण्ण. खण्ण. कुणीतरी खोकलं. खण्ण.
सातव्याला सर खुर्चीतून उठले.

मला काहीच कळलं नव्हतं.
इन्नोम्मे, म्हणाले.
एरवी माझ्याशी कानडी बोलत नाहीत.
पुन्हा लावलं. पुन्हा सातवा.
खण्णच की हो, सर.
नव्हे. शेवटाला बघ.

मग शेवटाला बघितलं.
खण्णच्या पोटात, अगदी तळाला,
एक थप्प, बोटाच्या पेराएवढं.

हे मी पास केलंय, म्हणाले.
कुठल्या विहिरीवर असंल आता?
साकु, बंद कर.

स्पीकरवर त्यांनी स्वतःच चादर घातली.
उरलेले पैसे मोजून दिले, दहाच्या नोटांसकट.
चपला शोधत बराच वेळ दारात उभे होते.
मागं बाटल्या गार होताना टिकटिकत होत्या,
ते मी ऐकलं.
सरांना नाही आलं ऐकू.