कल्हई

सात महिने भरायला चार दिवस उरले असताना
अंबडच्या कंपनीने आम्हा अकरा जणींना ब्रेक दिला.
ब्रेक म्हणजे काढलं असं नाही, एचआरचा पोरगा म्हणाला,
ब्रेक म्हणजे ब्रेक.
ऑर्डरी आल्या की फोन करू.

तेव्हापासून मी फोन
आंघोळीला जातानाही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते.

आज आईने पितळी पातेलं हातात दिलं.
"बसूनच आहेस, तर कल्हई करून आण."
'बसूनच आहेस' ती हळू म्हणाली,
तरी ते पातेल्यात पडून घुमलं.

शालिमारला उतरून चालत भांडी बाजारात.
निफाडकडून आलेली थंडी
नाकाच्या शेंड्यावर ठाण मांडून.
बंद शटरच्या पायरीवर यासीनभाई,
भात्याच्या जागी छोटा ब्लोअर,
बाकी कोळसे, सांडशी, वाळू.
त्यांनी पातेलं उजेडाकडे धरलं,
डॉक्टर एक्स-रे धरतात तसं,
आणि काही बोलले नाहीत.

मागच्या भिंतीवर पुराची रेघ. माझ्या डोक्याच्याही वर.
"दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं
की आम्ही सामान उचलतो," ते म्हणाले.
"त्या साली उचलायला वेळच दिला नाही गंगेने.
भाता वाहून गेला. वडिलांचा.
मग हा ब्लोअर घेतला.
भाता मारताना दम लागायचा. आता लागत नाही."
"म्हणजे पुराचे उपकारच की."
"छे! शिव्या घातल्या गंगेला, महिनाभर.
पण दम लागत नाही, हेही खरंय ना?"

पातेलं तापत गेलं,
इतकं, की वाटलं संपलं, गेलं आईचं भांडं.
तेव्हा त्यांनी चिमूटभर नवसागर टाकला.
पांढरा धूर उठला, माझ्या डोळ्यांत पाणी.
(बरं झालं. आयतं कारण मिळालं.)
कथलाची कांडी नुसती टेकवली,
कापसाच्या बोळ्याने एक फेर,
आणि काळ्या पोटात
बुडापासून काठापर्यंत
चांदणं सरकत आलं.

"थंड भांड्याला कथील धरत नाही," ते म्हणाले.
भांड्याबद्दलच म्हणाले.
मीच उगाच अंगाला लावून घेतलं.

पाण्यात बुडवलं. चर्रर्र.
"बाहेरून नाही करत?"
"बाहेरून कशाला? अन्न आत असतं."
"टिकेल किती?"
"सहा महिने. आंबट शिजवलं तर चार.
मग परत या. मी इथंच आहे."
जरा थांबून, रेघेकडे बघत,
"म्हणजे, असेन बहुतेक."

परतीच्या बसमध्ये पातेलं मांडीवर.
आत डोकावले तर माझाच चेहरा,
जरा पसरट, जरा हलता,
पण ओळखू येण्याइतका.
फोन काढून पातेल्यात ठेवला.
वाजलाच, तर चांगला मोठ्याने वाजेल.

मुंबई नाक्याच्या सिग्नलला
पातेलं एकदम उजळलं.
कंपनी नाही. आईचा मेसेज:
येताना चिंच आण, आमटी करू.

चार तर चार.
पवननगरला उतरून
पावशेर घेतली.