दीड थेंब

रोलाच्या मागे, शिंप्याच्या दुकानावर, शुक्रवारी साडेसहाला
हनान बाई पांढऱ्या कागदावर पांढरं अंडं ठेवतात
आणि म्हणतात, काढा.

मी दिवसभर रंगच विकतो.
मशीनच्या तोंडाखाली डबा धरायचा,
कोड मारला की थेंब पडतात मोजून,
झाकण ठोकायचं, पुढचा डबा.
वाळूचा पिवळट, मोत्याचा पांढरा. अकरा वर्षं.
तेव्हा अंडं म्हणजे काय!
गोल काढला, एका अंगाला पेन्सिल घासली,
बोटानं पुसली, झालं.

बाई बसऱ्याच्या. हिंदी अर्धं सिनेमातलं, उरलेलं टॅक्सीतलं.
वाकून बघतात.
"परकार, ये काला किधर है?"
मी सावलीकडे बोट दाखवतो
आणि बोट तिथेच राहतं.

काळा नव्हताच तिथे.
निळसर होतं काहीतरी, कडेला खालच्या पाटीचा तांबूस,
अंड्याच्या पोटाखाली तर चक्क उजेड,
कागदानं उसना दिलेला.
अंडं जिथे टेकलंय तिथे केसाएवढी रेघ,
तेवढीच काय ती गडद.

पुढच्या शुक्रवारी बाईंनी काळ्याच्या ट्यूबा गोळा केल्या,
बिस्किटांच्या डब्यात घालून डबा कपाटावर.
हवा असेल त्यानं बनवून घ्यावा.
निळा घ्या, जळक्या मातीचा तपकिरी घ्या.
माझा आधी चिखल झाला,
मग बाणकोटच्या खाडीत ओहोटीला उरतं तसलं हिरवट,
तिसऱ्यांदा जमला.
काळाच, पण पाणी लागलं की फुटायचा,
एका काठाला निळा, दुसऱ्या काठाला माती.

मग आपापला हात.
'स्किन' लिहिलेली ट्यूब गुलाबी निघाली, शिहाब हसत सुटला.
रोवेना, शिहाब, मी, तिघे एकाच पिवळ्या मातीतून निघालो.
तिला लाल कमी लागला, त्याला निळा जास्त,
मला मनगटापासून दंडापर्यंत एक
आणि बाहीच्या आत दुसराच.
त्या हद्दीवर माझा सबंध तास गेला.

जुलैत दुपारी साडेबारा ते तीन बाहेरचं काम बंद.
डबे पोचवायला गेलो तर भिंतीच्या सावलीत चौदा माणसं आडवी,
तोंडावर गमछे,
सावली सरकेल तशी झोपेतच सरकणारी.
सावली मी पुष्कळ वापरली होती, पाहिली नव्हती.
जांभळी होती ती.
वाळूचा उजेड खालून चढून टाचांना केशरी लागलेला,
पाण्याच्या पिंपाचा निळा एकाच्या कानावर.
फोरमन ओरडला, पहिले साइन कर.

काल दुकानात एक म्हातारे अरब आले,
रुमालात जुन्या भिंतीचा पोपडा. अस्साच पाहिजे.
मशीननं पोपडा वाचला, कोड दिला.
मी पुठ्ठ्यावर पट्टा ओढून वाळवला.
जवळपास होता.
जवळपास हा शब्द आधी मला पुरायचा.

मालक चहाला गेला होता.
काडीच्या टोकावर तपकिरी घेतला, एक थेंब.
ढवळलं. मग अजून अर्धा.
म्हातारे पोपडा आणि पुठ्ठा घेऊन उन्हात गेले, मग आत आले,
मग दारात, जिथे ऊन संपतं तिथे,
बराच वेळ उभे राहिले.

पैसे कोडाचेच झाले.
बिलात दीड थेंबाला रकाना नाही.
तो मी वहीत लिहिला, अंड्याच्या पानावर.