उळिदद्दु

दस्तगीरनं वजनावर दिली. एकोणपन्नास किलो,
चाकं धरून. "विलायती हाय बाय, घासाघीस करू नको,"
आणि मग स्वतःच भाव उतरवला,
कारण चौथा खण उघडत नव्हता
आणि एक चाक दवाखान्याच्या ट्रॉलीचं होतं.

तिसऱ्या गेटापासून उद्यमबागेतल्या माझ्या शेडपर्यंत
ढकलत आणली. ते परकं चाक
दर दहा पावलांनी आडवं व्हायचं,
बिचकलेल्या गाढवासारखं.
लोक बघत होते. बघू देत.
बाई लेथ चालवते हे ज्यांनी पचवलं
त्यांना पेटी ढकलणारी बाई काय जड.

पाटी नाही. पाठीवर रिबिटांची दोन भोकं,
मधे एक गडद आयत:
नाव होतं तेवढ्या जागेला ऊन लागलं नाही.
भाच्यानं फोनवर शोधलं. अमेरिका, जर्मनी, तैवान,
सगळीकडे असेच सात खण, अशीच मूठ.
"मावशी, एवढ्यात नवीन आली असती."

रॉकेल, चिंध्या, तारेचा ब्रश.
वरचा राखाडी सुटला, खाली बसगाडीचा लाल,
त्याखाली पोपटी, इतका भडक
की कुठल्यातरी दुकानात न खपलेला डबा असणार.
मग रेड ऑक्साइड. मग पत्रा,
थंड आणि जरासा निळसर.
माझ्या नखांत तिन्ही रंग,
जेवताना भाकरीला रॉकेलचा वास.

खणांवर खिळ्यानं कोरलेलं होतं.
पहिल्यावर पाने. दुसऱ्यावर टॅप, डाय.
तिसऱ्यावर तेच शब्द, पण कानडीत,
पहिल्या माणसाच्या अक्षरापेक्षा सुबक.
चौथ्यावर नुसतं एकच: उळिदद्दु.
मला कानडी वाचता येतं, लिहिताना हात अडतो.
उरलेलं.

वरचा खण काढून हात घातला कोपरापर्यंत.
आत एक बारा नंबरचा पाना उभा राहिला होता,
रुसलेल्या पोरासारखा, दाराला पाठ लावून.
तो आडवा केला आणि खण सरकन बाहेर.
वॉशर. अर्धं हॅकसॉ ब्लेड. दगड झालेल्या चुन्याची डबी.
घड्याळाचा पट्टा, घड्याळ नाही.
खानापूरचं एक तिकीट, ज्यावरची शाई
माझ्या बोटाला लागून संपली.

भरमाण्णा देसूरकर रविवारी आले.
मोतीबिंदू काढून घेत नाहीत, म्हणतात
वेल्डिंगनं दिलेलं डॉक्टरला कशाला द्या.
पेटी उलटी करायला लावली,
तळाच्या जोडावर अंगठा फिरवला,
परत फिरवला.
"विलायती कसली. हे डावऱ्याचं काम हाय.
लाट उलट्या अंगाला झुकलीय बघ.
निंगाप्पा हलगेकर. मालकानं बोनस बुडवला,
पैशाऐवजी पत्रे दिले त्या वर्षी.
त्यानं पाच पेट्या मारल्या.
एक तर त्याच्या घरात जोंधळ्याला होती."

कुठला कारखाना? आठवत नाही.
कुठलं वर्ष? "माझं लग्न झालं नव्हतं."
मग चहा पितापिता म्हणाले,
"ती पाटी विलायतीच होती पण.
भंगारातनं आणून लावली होती. खपायला."

मी पितळेची पट्टी कापली,
भोकं जुन्या भोकांवर बरोबर बसवली,
चिंचेनं घासून चकचकीत केली
आणि अक्षरांचे पंच काढून बसले.
न पासून सुरुवात की कानडीतून?
आणि ते कोरणारे दोघं, त्यांचं काय?
माझंही आता थोडं आहेच की तिच्यात, नखांतलं.
हातोडी बराच वेळ हातात राहिली.

पट्टी कोरीच आहे. चौथ्या खणात टाकलीय,
चुन्याच्या डबीशेजारी.

परकं चाक बदललं नाही. ग्रीस भरलं.
आता इतकं हलकं चालतं
की शटर ओढताना बघितलं तर पेटी
उतारानं वीतभर पुढे आलेली.
वीट लावली.