हाडाचा कोळसा

आमच्या वर्गाच्या फोटोत एकोणचाळीस मुलं आहेत
आणि दात एकाचाही दिसत नाही.
फोटोवाला म्हणाला, हसा.
आम्ही ओठ मिटून हसलो. आम्हाला तेवढंच येत होतं.

इथिओपियाच्या खचदरीत, सरोवराच्या अलीकडे,
आमच्या विहिरीचं पाणी डोळ्यासारखं नितळ.
चवीत खोट नाही, वासात नाही.
फक्त दुधाचे दात पडले की नवे येतात ते डाग घेऊनच,
कॉफीच्या कपाला आतून राहतो तसा.
पुढे गुडघे. त्याच्यापुढे कणा.
दिंगेताकाकाला मागे बघायचं तर
अख्खा माणूस वळवावा लागे.
याला गावात नाव नव्हतं. आपलं असंच, म्हणत.

लेलिसेबाईंनी पहिल्या दिवशी फळ्याला हात लावला नाही.
विचारलं, काल कुणाकडे मटण शिजलं?
चर्चवाल्यांचे उपवास चालू होते,
मशिदीकडच्या तीन घरांचेच हात वर झाले.
हाडं आणा, म्हणाल्या.

हाडं आली, आणि हाडांमागून माणसं आली.
जनावर कुणाचं? कापलं कुणी? कुणाचं नाव घेऊन?
बाईंनी सगळं वहीत उतरवलं,
तापमानाच्या रकान्याशेजारी
‘शंका’ असा रकाना आखून.
याही मोजायच्या, म्हणाल्या.
म्हणून भट्ट्या दोन झाल्या, माठ दोन,
आणि काम दुप्पट.

पहिल्यांदा जाळ फार झाला.
हाडं पांढरीशुभ्र निघाली, आम्ही टाळ्या पिटल्या,
शुद्ध म्हणजे पांढरं एवढंच आम्हाला ठाऊक.
त्या भुग्यातून पाणी गेलं तसंच बाहेर आलं.
नळीतला लाल रंग विटला. विटला म्हणजे विष आहे तिथेच.

दुसऱ्यांदा झैनूने भट्टीचं तोंड मातीने लिंपलं.
हवा कमी, धूर जास्त, डोळे चुरचुरले.
निघालं ते काळं. बोटांना चिकटणारं.

फ्लोराइडला हाडाची ओढ असते, बाई म्हणाल्या,
ते तुमचं वैरी नाही, ते घर शोधतंय.
तुमच्या दातांपर्यंत पोचायच्या आत
वाटेत त्याला दुसरं घर द्या.
सगळे लिहून घेत होते.
मी जिभेने माझे दात चाचपत होते.

या वेळी लाल लालच राहिला.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
झैनू म्हणाला, बाई, पुन्हा एकदा करून बघू.
तेव्हा बाई हसल्या, त्यांच्याही दातांवर डाग होते.

मी विचारलं, मग माझे कधी पांढरे होणार?
नाही होणार, बोंतू.
असं तोंडावर कुणी मला काही सांगितलं नव्हतं.
तुझी धाकटी केवढी आहे?
आठ महिन्यांची.
मग तिच्या माठापासून सुरुवात कर.
त्या दिवशी मी पाय आपटत घरी गेले.
दुसऱ्या दिवशी येऊन हाडं कुटली,
गरजेपेक्षा जरा जोरातच.

एकदा बाईंनी जगाचा नकाशा टांगला
आणि अशाच पाण्याच्या गावांवर बाभळीचे काटे टोचले.
चीन. भारत. आर्जेंटिना.
काटे संपले, गावं राहिली.
का कोण जाणे, मला बरं वाटलं,
आणि मग बरं वाटल्याची लाज.

आता काका नाही. बाईंची बदली झाली.
कोळसा काही महिन्यांत थकतो, बदलावा लागतो,
किती घागरींनंतर ते वहीत आहे,
वही माझ्याकडे आहे.
कधी हाडं मिळत नाहीत, कधी लाल रंगाचं औषध संपतं,
तेव्हा मी अंदाजाने बदलते आणि तसं लिहून ठेवते:
अंदाजाने.

धाकटी सहा वर्षांची झाली.
शेळीला हसते, मला हसते, तोंड भरून.
परवा तिचा पुढचा दात पडला.
त्या खिडकीतून काय उगवणार
ते कळायला अजून वेळ आहे.
त्या ओळीपुढचा रकाना मी मोकळा ठेवलाय.