उत्तरदाती क्रमांक सतरा

गोळीबार चौकातून टिमकीकडे पाट्या मोजत गेले.
सावजी. अस्सल सावजी. जुने सावजी.
जुन्याच्या समोर सर्वात जुने.
‘आमची कोठेही शाखा नाही’
हे पाच दुकानांवर, एकाच पेंटरच्या हातचं;
त्याचा ख सगळीकडे र आणि व असा फुटलेला.
एप्रिल, दुपारचे दीड. वहीला घाम लागला.
लिहिलं: नमुना, त्रेसष्ट आस्थापना.

विषय विद्यापीठाच्या भाषेत अडीच ओळींचा आहे.
आई म्हणते, म्हणजे रस्सा कोणाचा, एवढंच ना?
एवढंच. त्याला चार वर्षं.

कायदा म्हणतो, सीमा दाखवा.
नकाशा जोडा, माती-पाणी-हातांचा संबंध,
उगमाचा पुरावा.
आणि कलम नऊमध्ये ताकीद:
विशेषनामाचं सामान्यनाम झालं असेल
तर येऊ नका.
हे मी सातवीत मोहोड सरांकडे शिकले होते,
छडी खाऊन.

एका खानावळीला पाटी नाही, पाटा आहे.
मागच्या खोलीत ती वाटत बसलेली,
भाजलं खोबरं, खसखस, दगडफूल,
आणखी काहीतरी, जे पदराखाली सरकवलं
मी पेन काढताच.
“काहून वं, वकील होऊन रायली का?”
नाही काकू, संशोधन. सावजी हे नाव कोणाचं?

जवसाच्या तेलाचा हात
तिनं मागाच्या खांबाला पुसला.
हो, माग होता तिथे. अर्धा.
उरलेल्या अर्ध्याच्या जागी ओटा, वर शेगडी.
“घ्याले येनारे म्हनत, सावजी, लुगडं दाखवा.
मंग लुगडी कोनी घेईना. तं आमी जेवन वाढलं.
हाक तेच रायली.
आमी थोडीच ठेवलं नाव?
त्याईनं हाक मारली, आमी ओ देल्ली.”

‘ओ’साठी कलम शोधते आहे.
दोन्ही कायद्यांत नाही.

दुसऱ्या मसुद्यावर लाल शाई आली.
बोकाडे मॅडम: समितीचा नियम वाच.
मुलाखत देणाऱ्यांची ओळख पटता कामा नये.
म्हणून तिचं नाव काढलं,
गल्ली काढली, माग काढला,
वय एकाहत्तर, त्याचं ‘६५ ते ७५’ झालं.
तीनशे चाळीस पानं नावाच्या हक्काबद्दल,
आणि नावं फक्त तळटीपांत,
एकमेकांविरुद्ध भांडलेल्या कंपन्यांची.

सांगायला गेले. लाज वाटत होती,
म्हणून आधी पार्सल घेतलं.
काकू, पुस्तकात तुमचं नाव येणार नाही.
सतरा नंबर येईल.
ती उठली. पेटीतून विणकर सोसायटीचं पासबुक काढलं,
कडा उंदरांनी खाल्लेल्या.
माग क्रमांक दोनशे आठ.
“हे पाय. आंधी मी दोनशे आठ होती.
आता सतरा. वर चढली न वं मी!”

पुढच्या खेपेला मसाल्याच्या डब्यांवर
ओल्या हळदीनं, बोटानं: १७.
गिऱ्हाईक म्हणत होतं, सतरा नंबरचा पावशेर द्या.
वर्ग तीस, मसाले. वर्ग त्रेचाळीस, खानावळ.
अंक चिन्ह म्हणून नोंदवता येतो का, मी तपासलं.
येतो, लोक त्यावरून एकालाच ओळखत असतील तर.

अर्ज घेऊन गेले. पहिला रकाना,
अर्जदाराचे संपूर्ण नाव.
“लिही,” ती म्हणाली, आणि हळू, प्रत्येक शब्दाला थांबत,
जसं कोणी कधी विचारलंच नव्हतं:
भागरता सुकाजी निखारे.
फी ऐकून मात्र उठून गेली. भाकरी करपत होती.

प्रबंध आता अमरावती रोडच्या ग्रंथालयात,
कपाट चोवीस, काळी बांधणी.
अर्ज माझ्याकडेच पडून आहे,
नावावर हळदीचा अंगठा.

हे इथे सांगायला
समितीची परवानगी मी घेतलेली नाही.