अकरा टक्के

वर्किंग्टनच्या पोलीस ठाण्यात, वरच्या मजल्यावर,
जिथे हीटर नुसताच आवाज करतो,
मी सोळा जणांना शिकवते
सापडलेल्या फोनशी कसं वागायचं.

हाताची घडी. पेनं खिशातच.
ही माणसं चिखलातल्या ठशावरून
चालणाऱ्याचं लंगडणं सांगतात,
दार उघडणाऱ्या बाईच्या लांब बाहीवरून
आतलं सगळं ओळखतात.
आणि फॉर्मवर अजून तेच रकाने :
चोराची उंची, अंगकाठी, कोटाचा रंग.
मिसेस थ्रेलकेल्डचे अठरा हजार पाउंड
ज्यानं फोनवरून नेले, त्याला उंचीच नव्हती.
तिथं कुणीतरी लिहून ठेवलंय : आवाज नम्र.

मी सांगते, चालू असेल तर चालूच राहू द्या.
बंद केलात की तो आतून कडी घालून घेतो,
मग लॅबमध्ये महिनोन्‌महिने दार ठोठावत बसायचं.
चंदेरी पिशवीत घाला,
म्हणजे लांबून कुणी हाक मारून
त्याची पाटी कोरी करणार नाही.
चार्जर जोडा. वेळ लिहा.

मागच्या रांगेतून सार्जंट ब्रेथवेट
(निवृत्तीला दोन वर्षं, चष्मा दोरीला)
शाळेतल्यासारखा हात वर करतो.
"आणि कुणी बंद केला असेल तर?"

कधी?

"नोव्हेंबरात. बंदराच्या भिंतीवर.
एकोणीस वर्षांचा पोरगा. फोन ठेवून गेलेला.
अकरा टक्के बॅटरी होती.
म्हटलं, जपावी."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं,
तेवढं टीं-टीं ऐकू आलं.
गेलेल्या माणसाचे डोळे मिटतात
तसा मिटला असणार त्यानं तो,
अंगठ्यानं, हळू.

तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं, मी म्हणते.
"नाही ना," तो म्हणतो,
"पण त्याच्या आईला मी सांगून आलो
की फोन सुखरूप आहे."

पुढची स्लाइड पासवर्डची होती.
ती मी वाचून दाखवली, बहुतेक.

चहाच्या सुट्टीत सगळे खाली गेले.
तो टेबलापाशीच राहिला.
स्वतःचा फोन पिशवीत सरकवला,
तीन घड्या, दाबून, कडा जुळवून,
आणि म्हणाला, "रिंग द्या मला."

मी दिली.
माझ्या कानात एक बाई म्हणाली
ही व्यक्ती सध्या उपलब्ध नाही.
तो मात्र पिशवी कानाशी धरून
ऐकत राहिला.